पेंडीवरची बुरशी खरवडाल, विष कसं खरवडणार?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : ‘पावसाळ्यातील जनावरांचा खुराक’ या लेखातील एका सल्ल्याबाबत

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर गेल्या आठवड्यात आलेला लेख वाचला. गोठ्यातली ओल, चाऱ्याची कुट्टी, मिनरल मिक्श्चर हे सगळं लेखकानं बरं सांगितलंय. पण मधेच एक वाक्य आहे : पेंडीला वरवर बुरशी आली असेल तर ती खरवडून काढावी, पेंड दोन दिवस कडक उन्हात वाळवावी आणि मग जनावरांना घालण्यास हरकत नाही. हरकत आहे, आणि मोठी आहे. आमच्या गल्लीत त्या पानाचं कात्रण एका गोठ्याच्या दारावर चिकटवलेलं दिसलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी माझी लायकी सांगतो. मी पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्यात फर्मेंटेशन विभागात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी परत आलो. दावणीला म्हशी आहेत, दूध संस्थेला जातं. म्हणजे उभी हयात बुरशी पोसून पगार घेतला आणि आता बुरशीपासून म्हशी वाचवतोय. डॉक्टरेट नाही, पण बुरशी कधी काम करते आणि कधी नुसती खाऊन लोळते, हे जवळून बघितलंय.

फर्मेंटरमध्ये, म्हणजे बुरशी वाढवायच्या मोठ्या टाकीत, पेनिसिलियमची बुरशी सोडली की सुरुवातीला ती फक्त वाढते. तापमान 25 अंशांच्या आसपास, खालून निर्जंतुक हवा, पंखा फिरतोय, फेस वर आला की तेल सोडायचं. या काळात तिला भरपूर ग्लुकोज दिलं तर ती जोमानं फुगते, नमुना काढला तर लापशीसारखा घट्ट, आणि त्यात पेनिसिलिन बघावं तर नाममात्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत हेच लक्षात आलं. त्यांनी ग्लुकोजऐवजी लॅक्टोज वापरलं. ते बुरशीला सावकाश पचतं, त्यामुळे ती अर्धपोटी राहते आणि औषध बनवायला लागते. पुढे लॅक्टोजचा खर्च टाळायला ग्लुकोजच वापरायला लागले, पण थेंबाथेंबानं. रात्रपाळीला एखाद्या नवख्यानं साखरेचा व्हॉल्व्ह जास्त उघडा ठेवला की सकाळी लॅबचा आकडा सांगायचाच : वाढ झकास, माल कमी. पीएचचंही तसंच, तो आम्लाकडे घसरला की साहेब धावत यायचे.

तेव्हा आम्हाला हे अनुभवानं माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. ते मी निवृत्त झाल्यावर, इथल्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या पुतणीच्या नोट्स वाचून समजून घेतलं. आणि तेच कारण पेंडीच्या पोत्यालाही लागू आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेनिसिलिन असो की शेंगदाण्यावरची बुरशी बनवते ते अफ्लाटॉक्सिन नावाचं विष, हे पदार्थ बुरशीला जगायला रोज लागत नाहीत. त्यांना दुय्यम चयापचयी पदार्थ म्हणतात. त्यांच्याशिवायही बुरशी वाढते, पसरते. मग बनवते कशाला? शेजारच्या जिवाणूला हटवायला, कुरतडणाऱ्या किड्याला दूर ठेवायला, परिस्थिती अंगावर आली तर तग धरायला. बनवायला खर्च येतो, त्यामुळे गरज नसताना बुरशी ते बनवत नाही. यासाठी लागणारी जनुकं बुरशीनं बहुतेक वेळा गुणसूत्रावर एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी ठेवलेली असतात. आपल्याकडच्या माणसाला हे गुऱ्हाळावरून चटकन कळेल. चरक, काहील, चुलवाण, वाफे, सगळं एकाच मांडवाखाली, आणि सगळ्यांवर गुळव्याची नजर. चुलवाणाला जाळ कधी वाढवायचा, काहील कधी उतरायची, हे तो सांगतो. तो आला नाही तर ऊस, माणसं, काहील सगळं असून गूळ निघत नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीत अफ्लाटॉक्सिनचं असं गुऱ्हाळ तिसऱ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. पंचवीस-तीस जनुकं तिथं एकत्र बसलेली आहेत. त्यांचा गुळव्या म्हणजे ‘अफ्ल-आर’ नावाचं जनुक. त्यापासून बनणारं प्रथिन बाकीच्या जनुकांच्या दारात जाऊन बसतं आणि त्यांना कामाला लावतं.

पेनिसिलिनची गंमत अशी की त्या गटात मुख्य जनुकं तीनच, आणि त्यांना स्वतःचा गुळव्या नाही. तो गट थेट वरच्या अधिकाऱ्यांच्या हुकमावर चालतो. ग्लुकोज भरपूर असलं की ‘क्रे-ए’ नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि पेनिसिलिनची जनुकं दाबली जातात. पीएच अल्कलीकडे झुकला की ‘पॅक-सी’ त्यांना उठवतं. रात्रपाळीतल्या त्या उघड्या व्हॉल्व्हचं गणित हे होतं. आणि बुरशीचा वाण सुधारायला माणसानं केलं काय, तर पिओरियाच्या बाजारात मिळालेल्या एका सडक्या खरबुजावरची बुरशी घेऊन तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या फेरबदल करत गेले. पुढे जनुकं तपासली तेव्हा दिसलं की जास्त उत्पादन देणाऱ्या काही वाणांत तो तीन जनुकांचा गट एकदा नाही, अनेकदा लिहिला गेलाय.

या सगळ्यांच्या वरही कुणी आहे का, हा प्रश्न होताच. 2004 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात नॅन्सी केलर यांच्या प्रयोगशाळेनं ‘ले-ए’ नावाचं जनुक शोधलं. ते काढून टाकलं तर बुरशी दिसायला धडधाकट राहते, पण एकाच वेळी अनेक गट बंद पडतात. एका ॲस्परजिलसमध्ये पेनिसिलिन घटतं, दुसऱ्यात कोलेस्टेरॉलवरच्या गोळीतलं लोव्हास्टॅटिन थांबतं, फ्लेव्हसमध्ये अफ्लाटॉक्सिन बंद. औषध आणि विष एकाच हाताखाली. 2008 साली जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या मंडळींनी दाखवलं की हे ‘ले-ए’ एकटं काम करत नाही. ‘वेल्व्हेट’ नावाच्या घराण्यातली दोन प्रथिनं त्याला पेशीच्या केंद्रकात येऊन मिळतात, आणि त्यातलं एक अंधारात केंद्रकात जास्त जातं, उजेडात कमी. गोदामात तळाला दाबून ठेवलेलं पोतं आठवा.

हुकूम पोहोचण्याचा आणखी एक मार्ग आहे. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर जनुक वाचलंच जात नाही. हिस्टोनवर ॲसिटिल गट चिकटला की गुंडाळी सैल होते, काढला की आवळते. गुणसूत्रांच्या टोकांकडे ती मुळातच आवळलेली असते आणि असे बरेच गट नेमके तिथंच आहेत. म्हणून प्रयोगशाळेत आवळणारं एन्झाइम काढून टाकलं की वर्षानुवर्षं निजलेले गट जागे होतात आणि कधी कुणी न पाहिलेले पदार्थ बशीत उतरतात. 2005 च्या डिसेंबरात तीन ॲस्परजिलसांचे संपूर्ण जनुकसंच एकदम प्रसिद्ध झाले, तेव्हा शास्त्रज्ञ चक्रावले. एकेका बुरशीत असे डझनावारी गट, आणि माहीत असलेले पदार्थ मात्र मोजके. बाकीचे निजलेले. त्यातले काही कसे उठतात बघा. जर्मनीतल्या येना इथं ॲस्परजिलस निड्युलन्सजवळ मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू ठेवले. जिवाणू बुरशीच्या धाग्याला प्रत्यक्ष चिकटल्यावरच एक निजलेला गट जागा झाला. नुसतं त्यांचं पाणी गाळून ओतलं तर काही नाही. आणि ‘ले-ए’ काढलेली बुरशी व चांगली बुरशी शेजारी ठेवली तर मातीतले स्प्रिंगटेल नावाचे किडे ‘ले-ए’ नसलेलीवर ताव मारतात. किड्याला कळतं, आपल्या डोळ्याला कळत नाही.

आता पेंडीकडे येतो.

लेखकाच्या सल्ल्यामागं एक समजूत आहे, आणि ती गावोगाव आहे : बुरशी दिसली म्हणजे विष आलं, बुरशी काढली म्हणजे विष गेलं. दोन्ही भाग चूक आहेत. हिरव्या बुरशीनं माखलेल्या पेंडीतही तिचं अफ्लाटॉक्सिनचं गुऱ्हाळ बंद असू शकतं, आणि स्वच्छ दिसणाऱ्या पेंडीत ते महिनाभर आधी चालू होऊन, माल काढून, बंद पडलेलं असू शकतं. बुरशी मरते, विष तिथंच राहतं. तेल काढण्याआधी शेंगदाण्यात किंवा सरकीत ते आलेलं असेल तर घाण्यातून बाहेर पडणाऱ्या पेंडीत ते तसंच उतरतं, कारण त्याचा बराच भाग तेलात न जाता चोथ्यात राहतो.

तापमानाचं बघा. फ्लेव्हस 37 अंशांना झपाट्यानं वाढते, पण त्या तापमानाला अफ्ल-आरच्या हाताखालची जनुकं जवळजवळ गप्प असतात. 28 ते 30 अंशांना वाढ थोडी मंदावते आणि विष जोरात तयार होतं. म्हणजे वैशाखात पत्र्याखाली तापलेलं पोतं बुरसलं तर एक वेळ कमी धोका. आपल्याकडं गणपतीपासून दिवाळीपर्यंतची जी दमट, कोमट हवा असते, तीच या बुरशीच्या कामाची. शिवाय पेनिसिलियमला मुकाट करणारी साखर इथं उलटी वागते. ग्लुकोज, सुक्रोज मिळालं तर अफ्लाटॉक्सिन वाढतं. आम्लही त्याला मानवतं. पिंपरीत शिकलेलं मी डोळे मिटून गोठ्यात लावलं असतं तर नेमकं उलटं केलं असतं. आंबोणात मळी किंवा गुळाचं पाणी घालून ते रात्रभर भिजत ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. ताज्या, कोरड्या पेंडीला त्यानं काही होत नाही, सकाळी म्हैस चाटून पुसून खाते. पण बुरसट पेंड ‘गोड करून’ खपवायला तेच करणं म्हणजे काय, ते आता सांगायला नको.

उन्हाचं म्हणाल तर ऊन ओल काढतं, पुढची वाढ थांबवतं, ते चांगलंच. आधी तयार झालेल्या अफ्लाटॉक्सिनचा भरवशाचा नाश दोन दिवसांच्या उन्हानं होत नाही. ते वितळायलाच अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं. उकळण्यानं, पाश्चरायझेशननं जात नाही. खरवडण्याचंही तेच. हिरवी पूड दिसते ती फक्त बीजाणूंची, धागे आत ढेकळाच्या पोटात गेलेले असतात.

याला केवळ पुस्तकी भीती म्हणू नये. 1974 च्या हिवाळ्यात राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी घरात साठवला आणि खाल्ला. 397 जण कावीळ आणि जलोदरानं आजारी पडल्याची नोंद झाली, त्यातले 106 दगावले. त्या घरांतली तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. त्याआधी 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, ते शेंगदाण्याच्या पेंडीमुळं. या विषाचा शोधच मुळी पेंडीतून लागला, आणि आपण अजून पेंड खरवडतोय.

म्हैस मोठी आहे, ती लगेच मरत नाही. म्हणूनच कुणाला काही वाटत नाही. खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी-1 चा काही भाग यकृतात बदलून एम-1 या रूपात दुधात उतरतो, तोही दिवसभरात. गाईंवरच्या प्रयोगांत हे प्रमाण साधारण एक-दोन टक्क्यांपासून सहा टक्क्यांपर्यंत आढळलंय. हिशेब करून बघा. किलोला 100 मायक्रोग्रॅम बी-1 असलेला खुराक जनावरानं दिवसाला 4 किलो खाल्ला, म्हणजे 400. त्याचे दोन टक्के 8. दूध 8 लिटर असेल तर लिटरला 1 मायक्रोग्रॅम. आपल्या देशातली दुधाची मर्यादा किलोला 0.5 आहे, युरोपची 0.05. चांगली बातमी एवढीच की दूषित खुराक बंद केला की तीन-चार दिवसांत दूध पुष्कळ निवळतं. म्हणजे सुधारायला वाव आहे, पण आधी कळलं तर.

आणि कळणार कसं? आमच्या संस्थेत रोज दोन वेळा फॅट लागते, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) लागतो, पॉइंटाला पैसे कापले जातात. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारा पैलवानही म्हशीकडं बघून पेला उचलतो, तिनं काय खाल्लं हे विचारत नाही. पेंडीचं मात्र पोतं आलं, शिवलं होतं, उचललं, एवढंच. 2019 च्या महापुरात पंचगंगा गावात शिरली, तेव्हा आमच्या भागातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात माल छातीभर पाण्यात होता. पूर ओसरल्यावर तीच पोती वाळवून, नव्या बारदानात भरून, ‘जरा वास येतोय, पण स्वस्त आहे’ म्हणून विकायला निघाली. मी पोतं फोडलं तर आत मुठीएवढे घट्ट गोळे, मोडले की मधोमध पिवळट हिरवी रेघ. परत केलं. पैसे मिळाले नाहीत, वर ऐकून घ्यावं लागलं की पेनिसिलिनवाले साहेब बुरशीला घाबरतात. घाबरतोच. तिच्याबरोबर काम केलेला माणूस घाबरणारच.

यावर उपाय शोधले जात आहेत, आणि त्यांचा रोख बुरशी मारण्यापेक्षा तिचं विषाचं गुऱ्हाळ बंद ठेवण्यावर आहे, हे मला फार पटतं. अमेरिकेत कापूस आणि भुईमुगाच्या रानात फ्लेव्हसचेच असे वाण सोडतात ज्यांना विष बनवताच येत नाही. ते जागा अडवतात, विषारी भाऊबंदांना शिरकाव मिळत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर 2017 साली असा भुईमूग जाहीर केला की जो स्वतःच छोटे आरएनए बनवून बुरशीची विषाच्या वाटेवरची दोन जनुकं गप्प करतो. आणि जपानी लोक तर फ्लेव्हसच्या सख्ख्या चुलत बहिणीवर, ॲस्परजिलस ओरायझीवर, शतकानुशतकं सोयासॉस आणि साके बनवत आलेत. तिच्यातही त्या गुऱ्हाळाचे अवशेष आहेत, पण मोडके, बंद पडलेले.

आमच्या गोठ्यापर्यंत यातलं काही यायला वेळ लागेल. तोवर माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली आपल्याकडं : शेतीच्या पानावर त्या सल्ल्याची दुरुस्ती छापा, आणि तेवढ्याच ठळक अक्षरात. बुरसट पेंड दुभत्या जनावराला घालू नये, गाभण जनावराला आणि वासराला तर नाहीच, कोंबड्यांना त्याहून नाही. घरच्या शेंगदाण्यात ओल 7-8 टक्क्यांच्या वर असेल तर पोत्यात भरू नये. पोती भिंतीला टेकवू नयेत, फळीवर ठेवावीत, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच आणावीत.

दुसरी जिल्ह्यातल्या सगळ्या दूध संस्थांकडं. अफ्लाटॉक्सिन तपासायच्या पट्ट्या बाजारात मिळतात. पेंड दळायची, द्रावणात हलवायची, पट्टी बुडवायची, थोड्या वेळात उत्तर. प्रत्येक शेतकऱ्यानं घ्यायची गरज नाही. संस्थेनं पेंडीची गाडी उतरायच्या आधी पाच-सहा पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून नमुना घ्यावा, एकत्र करावा आणि तपासावा. एकाच पोत्यातून मूठभर घेऊन भागत नाही, कारण हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं, एखाद्या दाण्यात ढीगभर आणि शेजारच्या शंभरांत शून्य. उत्तर संस्थेच्या फळ्यावर फॅटच्या आकड्याशेजारी लिहावं.

तिसरी पेंड विकणाऱ्यांकडं : पोत्यावर भरल्याची तारीख आणि तपासणीचा आकडा छापा. भिजलेला माल पशुखाद्य म्हणून विकू नका. त्या मालाचं नुकसान विम्यातून मागा, आमच्या म्हशींच्या लिव्हरमधून नको.

लेखकाशी माझं वैर नाही. त्यांना वाटल्यास त्यांनी आमच्याकडं यावं. गेल्या पावसाळ्यातला एक गोळा मी बरणीत बंद करून ठेवलाय, मोडून दाखवीन. येताना मास्क आणावा.

आपला,
एक निवृत्त फर्मेंटेशन कामगार आणि दूध उत्पादक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर